हाक म्हणजे बोलणं नव्हे

ज्या गावात मी उमेदीची वर्षं होड्या बांधण्यात घालवली, त्याचं नाव इथे लिहीत नाही. तिथला कज्जा अजून मिटलेला नाही आणि दिवाळी अंक दोन्ही पाड्यांत वाचले जातात. किहीमच्या पुढे किनाऱ्या-किनाऱ्याने चालत गेलात तर लागतं, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

आम्ही नागावचे सुतार. वडील नारळी-पोफळीच्या वाड्यांतले रहाट दुरुस्त करायचे. मला गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्याची ओढ जास्त, म्हणून मामाच्या हाताखाली होडीकाम शिकलो. स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन त्या गावात उतरलो. चार होड्यांचं काम आहे, दिवाळीला घरी परत, असा हिशेब होता. ते काम केस पांढरे होईपर्यंत पुरलं.

गावात कोळ्यांचे दोन पाडे, वरला आणि खालचा. वरला कुठल्याच बाजूने वर नव्हता. दोन्ही एकाच सपाट वाळूवर. आडनावं तीच, गावदेवी तीच, सुकटीचा वासही तोच. मध्ये भेंडीचं एक मोठं झाड होतं आणि ते कोणत्या पाड्याचं हेही ठरलेलं नव्हतं, म्हणून माझा मांडव मी त्याच्याचखाली घातला. निम्मं छप्पर इकडे, निम्मं तिकडे. दोन्हीकडच्यांनी ते निमूटपणे मान्य केलं.

पहिल्याच दिवशी दोन म्हातारे भेटायला आले. म्हातारे म्हणजे मला तेव्हा वाटले, पन्नाशीचे असतील. एक वरल्या पाड्याचा पोशा नाखवा. पोट सुटलेलं, मिशा पिळदार, खाली बसला की उठायला दोन माणसं लागत. दुसरा खालच्या पाड्याचा धर्मा तांडेल. अंगाने सुक्या बोंबलासारखा, पण गळा असा की लाटांच्या आवाजावरून हाक पार खडपापर्यंत पोचायची. दोघे मांडवाच्या दोन टोकांना उभे राहिले, एकमेकांकडे पाठ करून, आणि दोघांनी मला एकच अट घातली.

"मिस्त्री, काम दोनी पाऱ्यांचं करा," पोशा नाखवा म्हणाला. "पन हिकरचा निरोप तिकरं न्हेलात, तं दुसरे दिशी पेटी उचलायची."

"आमचं बी तेच म्हननं हाय," धर्मा तांडेल पलीकडून माझ्याकडे बघत म्हणाला.

त्याच्यामागची हकिगत मला हळूहळू कळली. किनाऱ्यापासून आत समुद्रात काळ्या दगडांचा एक पट्टा आहे, त्याला खडप म्हणतात. त्याच्या बाजूला समुद्राच्या तळात लाकडी खुंट ठोकून त्यांना पिशवीसारखी मोठी जाळी बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या शेपटीने, आत येते. तिथली कोळंबी जिल्ह्यात नावाजलेली. ती जागा कोणाची? वरला पाडा म्हणे आमच्या आजाची, खालचा म्हणे आमच्या पणजाची. कज्जा अलिबागच्या कोर्टात गेला, तिथून आणखी वर गेला, आणि वर गेलेली गोष्ट लवकर खाली येत नाही.

मग दोन्ही पाड्यांनी गावदेवीच्या पायरीवर नारळ ठेवून शपथ घेतली. खडपाचा निकाल लागेपर्यंत इकडच्याने तिकडच्याशी एक शब्द बोलायचा नाही आणि निरोप्यामार्फतही काही सांगायचं नाही. बोलेल त्याचं जाळं रिकामं येईल. गंमत अशी की एकमेकांशी बोलायचं नाही ही गोष्ट त्यांनी एकत्र बसून, पानसुपारी खाऊन, एकमताने ठरवली होती. त्या गावात एकमताने झालेला तो शेवटचा ठराव.

सगळ्यांची सोय झाली, फक्त एका पोरीची झाली नाही. धर्मा तांडेलाची एकुलती एक मुलगी जनी. शपथेच्या दोन वर्षं आधी ती पोशा नाखव्याच्या काशिनाथला दिली होती. लग्नाने ती वरल्या पाड्याची झाली, आणि शपथेने तिचे आई-बाप परके. माहेर दोनशे पावलांवर, दारातून आईची चूल दिसायची, पण "काय शिजवतेस" एवढं विचारायची सोय नव्हती. सासरी तिला कुणी जाच केला नाही. पोशा नाखवा सुनेला जपायचा. पण शपथ ती शपथ, आणि कोळी माणूस समुद्राला भीत नाही इतका देवीला भितो.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. होडी समुद्रात घालायला फारसं काही लागत नाही. भरतीचं पाणी निम्मं काम करतं. खरी मेहनत तिला वर काढायची. मिरगाच्या आत सगळ्या होड्या वाळूवर चढवून नारळाच्या झापांनी शाकाराव्या लागतात, नाहीतर खवळलेला समुद्र त्यांच्या फळ्या करतो. खाली मासळीचं तेल लावलेले ओंडके टाकायचे, होडीच्या नाकाला काथ्याचा जाड दोर बांधायचा आणि चाळीस-पन्नास माणसांनी तो ओढायचा. माणसं एकाच क्षणी ओढतील तरच होडी हलते. मागेपुढे झाली तर तळाचं लांब लाकूड, ज्याला आम्ही पठाण म्हणतो, ते वाळूत रुततं, आणि रुतलेला पठाण काही ऐकत नाही. म्हणून एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी "हैसा!" म्हणून ओढायचं. हाक कोणी द्यायची, तर ज्याची होडी त्याच्याच घरच्याने. दुसऱ्याची हाक होडी मानत नाही. आणि बायकांनी हाक द्यायची नाही. दिली तर म्हणे दोर तुटतो.

शपथेनंतरच्या पहिल्याच मिरगाला पंचाईत झाली. दोन्ही पाड्यांतली तरणी माणसं मुंबईला गोदीत. राहिलेल्यांत कुठल्याच पाड्याला आपली होडी एकट्याने वर काढता येईना. समुद्र फुगायला लागला, सगळ्या होड्या पाण्याच्या कडेला, आणि दोन्ही पाडे एकमेकांकडे न बघता उभे. बोलवायचं कसं? बोलवणं म्हणजे बोलणंच की.

तेव्हा गावदेवीचे गुरव पुढे झाले. शपथ त्यांच्यासमोर झालेली, त्यामुळे तिचा अर्थ लावायचा मान त्यांचा. त्यांनी पान थुंकलं, आभाळाकडे बघितलं आणि निकाल दिला. "बोलनं मानसाशी आसतं. हाक दोराला आसते. तवा हाक म्हंजे बोलनं न्हवं."

अलिबागच्या कोर्टाला इतक्या वर्षांत जमलं नाही ते त्यांनी एका पिंकेत केलं. पोशा नाखव्याने आपल्या होडीच्या नाकाशी उभं राहून दोराला हाक घातली आणि खालच्या पाड्याची माणसं, जणू इथे सहजच फिरायला आलो होतो अशा चेहऱ्याने, दोराला लागली. मग धर्मा तांडेलाची होडी. तिला वरला पाडा लागला. सांजेपर्यंत सगळ्या होड्या वर.

हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हातातला तासायचा वाकस तसाच राहिला. पण खरी मजा पुढच्या मिरगाला आली. हाकेचे शब्द ठरलेले नसतात. हाक देणारा मनाला येईल ते जोडतो. पोशा नाखवा हाक देत होता, दोराला धर्मा तांडेल आणि त्याची माणसं होती.

"दोर धरा रं!"

"हैसा!"

"जोर करा रं!"

"हैसा!"

"सून बालंतीन!"

"हैसा!"

"पोरगा झायला!"

दोरावरच्या एका माणसाने "हैसा" म्हटलंच नाही. धर्मा तांडेल दोर हातात तसाच धरून उभा राहिला होता. आजा झाल्याची बातमी त्याला अशी कळली.

"नाक बापाचं!" पोशा नाखव्याने पुढे रेटलं.

"हैसा!"

"गला आज्याचा! आख्खा पारा जागा ठेवतंय!"

"हैसा!" हे धर्मा तांडेलाचं होतं. त्या एका ओढीत होडी वावभर वर आली. मला पठाणाची काळजी वाटली.

झालं. गावाला वाट सापडली. वर्षातून दोन-चारदाच होड्या ओढायचे प्रसंग यायचे, पुढे ते वाढले. होडीला जरा काही झालं की "मिस्त्री, वर काढून बघाया होवी" असा आग्रह व्हायचा. मी बघायचो, काही झालेलं नसायचं. पण हाकेत कोणाची काळी शेळी कोणाच्या अंगणात आली, कोणाच्या पोरीला बघायला कुठले पाहुणे येणार, कोळंबीला मुंबईत काय भाव, सगळं दोराला सांगितलं जायचं. बायका वाळूवर रांगेने येऊन बसत आणि कान देऊन ऐकत. गावात वर्तमानपत्र येत नव्हतं, पण गरजही नव्हती.

शिव्यासुद्धा हाकेतूनच. एकदा खडपाजवळ रात्रीतून जाळी कापली गेली. कोणी कापली हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी कबूल करत नव्हतं. पाण्यातच वल्ह्यांनी हाणामारी झाली, दोघांची डोकी फुटली, पोलीस आले. मला वाटलं, आता दोर सुटला. चार दिवसांनी एक होडी वर काढायची होती. डोक्याला फडकं बांधलेला माणूस दोराला होता आणि ज्याने ते डोकं फोडलं तो त्याच्या मागेच. होडीवाल्याने हाक दिली, "जाली कापनाऱ्याचा मुरदा जावो!" आणि दोघेही एका दमात "हैसा!" म्हणाले. भांडण त्यांचं खरंच होतं, त्यात नाटक नव्हतं. फक्त होडी वर काढायची तर ते बाजूला ठेवावं लागे, आणि त्यांना ते ठेवता येत होतं.

गिऱ्हाइकं म्हणून तर दोन्ही पाडे नमुनेदार. पोशा नाखव्याने नवी होडी सांगितली की धर्मा तांडेल दुसऱ्या दिवशी मांडवात येऊन विडी ओढत बसायचा. "मिस्त्री, मी काय इचारत न्हाय. पन माजी होरी एक ईत लांब करा."

"कोणापेक्षा?"

"कोनापेक्षा न्हाय. नुसती लांब."

असं करत करत होड्या इतक्या लांबल्या की वाळू कमी पडायला लागली.

धर्मा तांडेलाची हाक ऐकायला मात्र मी काम टाकून उभा राहायचो. त्याच्या हाकेत शेवटची ओळ नेहमी एकच. होडी जागेवर आली, ओंडके काढले, की तो दोराकडे बघत म्हणायचा, "जेवलीस का गो?" आणि सगळे हसत "हैसा!" म्हणायचे. वाळूवरच्या बायकांत जनी पोराला कडेवर घेऊन उभी असायची. ती मान हलवायची. तेवढंच तिला करता येत होतं, कारण बाईने हाक द्यायची नाही. दोराने तिला बापाचा आवाज दिला, पण तिचा आवाज बापाला दिला नाही.

पुढे एका पावसाळ्यात जनीची आई तापाने गेली. पावसाळ्यात होड्या शाकारलेल्या, म्हणजे हाक नाही, म्हणजे खबर नाही. आई आजारी आहे हे जनीला कळलं नाही. गेली तेव्हा घरासमोर जमलेली माणसं बघून कळलं. ती धावत गेली. गुरवांनी सांगितलं, रडायला बंदी नाही, शब्दाला आहे. आपल्याकडे बायका बोलून रडतात, आईला हाका मारून, तिचे गुण आठवून. जनी तोंडात पदर कोंबून रडली. बाप समोरच्या भिंतीला टेकून बसला होता. त्या दिवशी मला त्या शपथेचा, त्या खडपाचा आणि खरं सांगायचं तर गावदेवीचाही राग आला. पण मी परगावचा सुतार. मी तिरडीचे बांबू नीट तासले.

साठ साल उलटलं आणि होड्यांना इंजिनं आली. होड्या जड झाल्या. काशिनाथ, म्हणजे जनीचा नवरा, हुशार गडी. सरकारी मदत मिळवून त्याने वरल्या पाड्यात लोखंडी चरखी आणली. सिमेंटच्या चौथऱ्यावर पक्की बसवलेली, तिला तारेचा दोर. चार माणसांनी दांडा फिरवला की होडी आपली सरकत वर. मला सुतार म्हणून ती आवडली. धक्का नाही, फळ्यांचे सांधे उचकटत नाहीत. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की चरखीला हाक लागत नाही. ती नुसती कर्रकर्र वाजते. वरल्या पाड्याला खालच्याची गरज उरली नाही, आणि गरज नाही तिथे आपण होऊन कशाला जा? मग खालच्यानेही मानापायी त्यांना ऐकू जाईल अशी हाक घातली नाही, दिवस-दिवस लावून आपल्या होड्या आपणच ओढल्या. त्या वर्षी पहिल्यांदा मला ते गाव खरंच अबोल वाटलं. धर्मा तांडेल मांडवात आला. दम्याने त्याचा गळा गेला होता, बोलताना शिट्टी वाजायची.

"मिस्त्री," तो म्हणाला, "औंदा नातू कितवीत गेला, ते बी कललं न्हाय."

मला ठाऊक होतं. सांगायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला. "नको. निरोप व्हतोय."

पुढच्या वर्षी समुद्र मिरगाच्या आधीच तापला. खालच्या पाड्याच्या बाकीच्या होड्या कशाबशा वर आल्या होत्या, एक धर्मा तांडेलाची राहिली होती. तीच ती वीतभर लांब केलेली. ओंडक्यावरून घसरून तिचा पठाण वाळूत रुतला, ती लाटांना आडवी झाली, आणि येणारी प्रत्येक लाट तिला ठोकायला लागली. दोन फळ्या माझ्या डोळ्यांसमोर सुटल्या. होडी गेली असती तर धर्मा तांडेलाला त्या वयात दुसऱ्याच्या होडीवर जाळं ओढायला जावं लागलं असतं.

दोराला खालच्या पाड्याची वीसेक माणसं. चरखीची तार तिथवर पोचत नव्हती. वरला पाडा शंभर पावलांवर उभा होता, हात लोंबकळत. त्यांना यायचं नव्हतं असं नाही, मी चेहरे बघत होतो. पण हाकेवाचून यायचं कसं? धर्मा तांडेल नाकाशी उभा राहून तोंड उघडत होता आणि त्यातून नुसती शिट्टी येत होती. खालच्या पाड्यातल्या एकाने त्याच्याऐवजी हाक दिली, पण ती त्याच्या घरची नव्हती. वरल्या पाड्याचं एकही पाऊल हललं नाही.

मग बायकांच्या घोळक्यातून जनी निघाली. पदर खोचला, वाळू तुडवत सरळ होडीच्या नाकाशी गेली आणि बापाच्या शेजारी उभी राहिली.

"दोर धरा रं!"

गळा बापाचा होता. सगळा किनारा दचकला. कोणीतरी ओरडलं, "बाईची हाक! दोर तुटंल!"

गुरव आता पार वाकले होते. काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "काथ्याचा दोर त्यो. त्याला काय कलतंय, बाई का बाप्या? आन् तांडेलाच्या घरचं दुसरं हाय कोन?"

सगळ्यात आधी पोशा नाखवा हलला. बसला की ज्याला उठवायला दोन माणसं लागत, तो म्हातारा शंभर पावलं पळत आला, तळव्यांवर थुंकला आणि दोराला लागला. त्याच्यामागे काशिनाथ, त्याच्यामागे सगळा वरला पाडा. धर्मा तांडेलाला नाकाशी काही काम उरलं नव्हतं, म्हणून तोही येऊन दोराला लागला. मीही लागलो; होडी माझीच होती एका अर्थी.

"बापाची होरी!"

"हैसा!"

"लेकीचा जोर!"

"हैसा!"

"आयस गेली!"

"हैसा!"

"न्हाय कललं मना!"

"हैसा!" या वेळी आवाज बसका आला, पण पठाण सुटला. होडी सरळ झाली, ओंडक्यावर चढली, आणि जनी थांबेचना. आईने शिकवलेलं कालवण, पोराची शाळा, बापाचा दमा, इतक्या वर्षांचं सगळं तिने त्या दोराला सांगितलं, आणि आम्ही साठ माणसं "हैसा, हैसा" म्हणत ते ओढत राहिलो. होडी आपल्या जागेच्याही पुढे गेली. कोणी थांबवलं नाही.

शेवटी तिचा दम संपला. ओंडके निघाले. ती दोराकडे बघत म्हणाली, "बाबा, जेवलाव का?"

याच्यावर "हैसा" कोणी म्हणावं? आपल्या होडीला जन्मभर दुसऱ्यांकडून "हैसा" म्हणवून घेतलेला धर्मा तांडेल आज दोराच्या शेपटाला, माझ्या पुढे होता. त्याने दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला. ओढायला काहीच उरलेलं नव्हतं.

"हैसा," तो म्हणाला.

मी रडलो. पोशा नाखवा डोळ्यांत वाळू गेली म्हणाला, गेलीही असेल.

दुसऱ्या दिवशी कोणी कोणाशी बोललं नाही. शपथ कायम, खडप कायम, कज्जा कायम. मी होडीच्या दोन फळ्या बदलायला घेतल्या तेव्हा पोशा नाखवा मांडवात येऊन बसला.

"मिस्त्री, बाभलीची एक पाचर द्या. घट लाकराची. घरचं दार हालतंय."

मी दिली.

पुढच्या वर्षी होड्या वर काढायच्या वेळी वरल्या पाड्याची चरखी फिरेना. काशिनाथने मला बोलावलं. लोखंडाचं मला काय कळतं, पण गेलो, वाकून बघितलं. दोन दातऱ्या चाकांच्या मध्ये, बाहेरून दिसणार नाही अशी, पाचर ठोकलेली होती. बाभळीची. तासणी माझ्या हाताची. आपली तासणी सुतार ओळखतो.

पोशा नाखवा शेजारीच उभा होता, समुद्राकडे बघत. मी उठलो, हात झटकले.

"हे माझ्याच्याने व्हायचं नाही," मी काशिनाथला म्हटलं. "दोर काढा."

मग म्हाताऱ्याला विचारलं, "नाखवा, दार कसं आहे?"

"ब्येस हाय," तो म्हणाला. "आता हालत न्हाय."